पोंगलची ओली लाकडं

हसू नका हं, पण धाकट्या जावेचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते. शाळेत रसायनशास्त्र मी शिकवते. कमला दहावीला काठावर पास झालेली. आणि दर पोंगलला अंगणातल्या दोन चुलींवर दूध आधी उतू जातं ते तिचंच! जिचं दूध आधी उतू जाईल ती घरची लक्ष्मी, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणजे पुढं वर्षभर आपलं कमला, कमला.

यंदा आदल्या संध्याकाळी मी तिच्या चुलीतल्या लाकडांवर गुपचूप दोन तांबे पाणी ओतलं. लाकूड जळताना उष्णता देतं, पण पेटण्याआधी ते उष्णता खातं, आणि ओलं असलं तर खातच राहतं. नववीच्या मुलांना हे मीच शिकवते.

सकाळी भांडी ठेवायच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "थोरलीनं पूर्वेच्या चुलीवर बसायचं."

पूर्वेची चूल कमलाची!

नाही कशी म्हणणार? फुंकून फुंकून अर्धमेली झाले, डोळ्यांना धारा लागल्या, आणि चुलीतून नुसता धूर. तिकडे कमलाचं दूध उतू गेलं, सगळे "पोंगलो पोंगल!" म्हणून ओरडले.

मग ती माझ्याशेजारी येऊन बसली, माझ्या चुलीत वाळकी झावळी सरकवली आणि हळूच म्हणाली, "अक्का, काल मी तुळशीपाशी दिवा लावत होते. सगळं पाहिलं. म्हणून तर सासूबाईंना सांगितलं, पूर्वेचा मान थोरलीचा."