चार कोंबड्या आणि एक सावध जावई

...नाही, तुम्ही हसा, खुशाल हसा, हसणाऱ्याचं काय जातं, खुराड्यात हात घालायला तुम्हाला कुठे सांगितलंय? सकाळी सहा वाजता पायात गमबूट, हातात काठी, डोक्यावर हेल्मेट अशा वेषात एक माणूस स्वतःच्याच घराच्या मागच्या दारातून बाहेर पडतो, का, तर चार कोंबड्यांना दाणे टाकायचेत. आणि वर आमची ही विचारते, हेल्मेट कशाला? अगं, चोच आहे ना त्यांना? आणि त्या उडतात, हे मला कुणी आधी सांगितलं होतं का? मी लहानपणापासून ऐकत आलो की कोंबडी उडत नाही. उडते! फार लांब उडत नाही, पण माणसाच्या तोंडापर्यंत बरोबर उडते. तुम्हाला सांगतो, मी घाबरत नाही. मी सावध असतो. घाबरणं वेगळं आणि सावध असणं वेगळं.

आता माझा धंदा काय, तर लिफ्ट दुरुस्तीचा. चौदा-चौदा मजल्यांच्या इमारती, मधे तो काळोखा खड्डा, आणि त्या खड्ड्यात लिफ्टच्या टपावर उभा राहून मी दोरांना ग्रीस लावतो, खाली बघतो, वर बघतो, तिथेच बसून डबा खातो. सव्वीस वर्षं झाली, छातीत कधी धडधडलं नाही. कारण लिफ्टचं कसं असतं, ती वर जाते नाहीतर खाली जाते. तिसरीकडे जात नाही. कोंबडी कुठे जाईल हे कोंबडीला तरी ठाऊक असतं का? तोंड समोर असतं तेव्हा ती तुमच्याकडे बघत नसते, आणि तोंड बाजूला असतं तेव्हा ती तुमच्याकडेच बघत असते. अशा प्राण्यावर माणसानं विश्वास ठेवायचा तरी कसा?

तर झालं काय... मागच्या वर्षी सासरे गेले. सासूबाई त्या घरात एकट्या. आमची ही रोज फोन करायची, आई, इकडे ये. त्या म्हणायच्या, येते की. आणि यायच्या नाहीत. मग मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन ठरलं, तेव्हा कुठे आल्या. गाडीतून उतरल्या, मी आपला सामान घ्यायला पुढे झालो. सामान म्हणजे कपड्यांची एक पिशवी आणि हे एवढं मोठं वेताचं डालगं, वरून जाळी बांधलेली. चांगलंच जड. मी ते दोन्ही हातांनी उचललं, पोटाशी धरलं... आणि आतून मला कुणीतरी टोचलं.

डालगं मी टाकलं नाही हं. हळूच खाली ठेवलं. जरा जोरात हळूच.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, जपून. त्यांना गाडी लागलीय."

मी म्हटलं असेल चार दिवसांचा प्रश्न. सासूबाई त्यांच्या, कोंबड्या त्यांच्या, आपण मधे कोण? पण ऑपरेशन झालं, काळा चष्मा लागला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. आता मला सांगा, न वाकता, न धुळीत जाता कुणी कोंबड्या पाळून दाखवाव्यात! आमची ही शिवणकामाच्या कारखान्यात, सातच्या आत घर सोडते. मग राहिलं कोण? ज्याची ड्यूटी दहाला सुरू होते तो.

मी हिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, अगं, कुणाला तरी देऊन टाकू या, चांगलं घर बघून देऊ, हवं तर मी दर रविवारी जाऊन त्यांना लांबून बघून येईन. ही भांडी घासत होती. हात थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई रोज विचारते, मी परत कधी जाऊ. त्या रिकाम्या घरात. कोंबड्या इथे रमल्या तर ती राहील. एवढं कराच माझ्यासाठी." आणि पुन्हा घासायला लागली. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. हळू बोलली, तिथेच मी मेलो.

खुराडं मी बनवलं. उगाच असंतसं नाही. एका जुन्या इमारतीतून काढलेला लिफ्टचा जाळीचा सरकता दरवाजा माझ्याकडे पडून होता, तो बसवला. कोंबड्यांच्या सात पिढ्यांत कुणाला असलं दार मिळालं नसेल. पण कौतुक कुणाला? सासूबाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या, डोळ्यांवर काळा चष्मा, हात मांडीवर, आणि मान न हलवता हुकूम. "झोपायला आडवा दांडा घातलात? नाही? मग त्या बसतील कुठे, तुमच्या डोक्यावर?" दांडा घातला. "फार जाड नको हो, बोटांत धरता आला पाहिजे." दांडा तासला. "पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, खाली ठेवलंत तर माती उकरून चिखल करतील." वीट आणली. मी म्हटलं, आई, आता दार उघडू का, जरा फिरू देत. तर म्हणाल्या, चार दिवस अजिबात नाही. नवीन जागा अंगात भिनली पाहिजे. आधी सोडल्या तर जुनं घर शोधत जातात.

दाराकडे गेलेला हात मी मागे घेतला.

चौघींना नावं होती. मोठी, तांबडी, ठिपकी आणि मुकी. पहिल्या तिघी कटकट्या, भांडकुदळ, पण त्यांचं एक बरं होतं, त्या कुठे आहेत ते ऐकू यायचं. मुकी आवाजच करायची नाही. सासऱ्यांची लाडकी म्हणे, त्यांच्या खुर्चीखाली बसून राहायची. आता सासरे नाहीत, तर ती माझ्या मागे येऊन उभी राहायची. मी घमेल्यात दाणे काढतोय, वळतो, तर दोन पावलांवर मुकी. मी पाणी बदलतोय, वळतो, तर मुकी. काही बोलणं नाही, चालणं नाही, नुसती एका डोळ्यानं बघतेय. अहो, वसुलीला आलेला माणूससुद्धा आधी खाकरतो! पण मी घाबरलो नाही. सावध झालो. दाणे अंगणाच्या एका टोकाला टाकायचे आणि आपण दुसऱ्या टोकाला पळायचं, अशी पद्धत बसवली.

पाचव्या दिवशी दार उघडलं. दहा मिनिटं झाली असतील. बघतो तर तांबडी कुंपणाजवळ मातीत आडवी पडलेली. एक पाय ताठ, पंख पसरलेला, डोळे मिटलेले, मधेच अंगाला झटके. गेली! पहिल्याच दिवशी गेली! मी आत धावलो, गमबुटासकट, म्हटलं, आई, मन घट्ट करा, तांबडी शेवटच्या घटका मोजतेय. सासूबाईंनी विचारलं, धूळ उडतेय का? म्हटलं, हो, तडफडतेय हो बिचारी. तर शांतपणे म्हणाल्या, "आंघोळ करतेय ती."

मातीची आंघोळ! मातीनं अंग स्वच्छ करतात! तुम्हीच सांगा, हे माणसाला समजावं कसं? मी बाहेर आलो तर तांबडी उठून, पिसं झाडून, माझ्याकडे बघत होती. आंघोळ करताना कुणी बघितलं तर बाई जशी बघेल, तशी.

आणि अंडी? एक नाही. दोन आठवडे झाले, एक नाही. मी म्हटलं, आजारी असतील, डॉक्टरांना दाखवू या. सासूबाई म्हणाल्या, जागा बदलली की बंद करतात, मनाचं असतं त्यांच्याही. त्या दिवशी त्यांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच होती. मग हळूहळू मोठीनं दिलं, तांबडीनं दिलं, ठिपकीनं दिलं. मुकीचं मात्र खुराड्यात एकही नाही. सासूबाई रोज सकाळी पहिलं हेच विचारायच्या, "मुकीनं दिलं?" मी म्हणायचो, नाही. "बरं," म्हणायच्या. त्या "बरं"ची मला कोंबडीपेक्षा जास्त... सावधगिरी वाटायला लागली होती.

आणि मग तो मंगळवार. कामावरून आलो, दिवेलागण व्हायची होती. या वेळेला चौघी आपणहून खुराड्यात जाऊन दांड्यावर बसतात, मी लांबून मोजतो आणि काठीनं दार सरकवतो. मोजल्या. तीन. परत मोजल्या. तीनच. सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं, "आल्या का सगळ्या?" आणि मी, तुम्हाला सांगतो, आयुष्यात त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो. म्हटलं, आल्या.

तेव्हा मात्र मी घाबरलो. सावध वगैरे काही नाही, सरळसरळ घाबरलो. मला काय दिसत होतं माहितीये? कुत्रं नाही, मांजर नाही. मला दिसत होती ती कपड्यांची एक पिशवी, दारात भरून ठेवलेली, आणि शेजारी ते डालगं, परत निघालेलं.

मी गल्लीत निघालो. गटाराच्या कडेनं, गाड्यांच्या खाली, पाण्याच्या टाकीमागे. हाक काय मारणार? मुकीला हाक मारून उपयोग काय, ती ओ देणारेय थोडीच? शेजारचे कंपाउंडर दारात उभे होते. हे निवृत्त झालेत, पण बोलतात अजून औषधाच्या पुडीवर लिहिल्यासारखं. नाकातून, एकेक शब्द मोजून. "कोंबडी ना... करड्या रंगाची... दुपारी, जेवणानंतर... रोज येते." म्हटलं, रोज? "रोज. आमच्या जिन्याखाली. आज गेलीच नाही." अहो, मग सांगायचं नाही का? तर म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत."

जिन्याखाली अंधार, जुनी रद्दी, आणि एक फुटका टब. त्या टबात मुकी. पण ही आमची मुकी नव्हती हो, दुप्पट झालेली, सगळी पिसं उभी, उशीसारखी फुगलेली, आणि मला बघून तिच्या घशातून असा आवाज निघाला, जसा लिफ्टची मोटर जळायच्या आधी निघतो. मुकी बोलली! आल्यापासून पहिल्यांदा बोलली ते मलाच, आणि चांगलं काही नाही बोलली.

कंपाउंडर मागून म्हणाले, खुडूक झालीय, अंडी घालून उबवायला बसलीय, आता आपण होऊन उठायची नाही. पोटाखालून हात घाला आणि एकदम उचला. म्हटलं, तुम्ही घालता का? म्हणाले, "माझी नाही ती."

माझं हेल्मेट घरी होतं. काठी घरी होती. मी खाली बसलो, डोळे मिटले आणि हात घातला. तिनं मनगटावर एक मारली, दुसरी मारली, तिसरी त्याच जागेवर मारली. पण हात आत गेला तेव्हा... कसं सांगू तुम्हाला, इतकं ऊन होतं आत. ताप आलेल्या लेकराच्या मानेखाली हात घातल्यासारखं. आणि तिचं काळीज माझ्या बोटांवर धडधडत होतं, माझ्यापेक्षा जोरात. म्हटलं, बाई, तूही सावध आहेस होय...

उचलली. छातीशी धरली. खाली सात अंडी होती, ती कंपाउंडरांनी टोपीत घेतली आणि आमची वरात घरी आली. सासूबाईंना मी काही सांगायच्या आत त्यांनी हात पुढे केले. मुकीला मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मग माझा हात धरला. मनगटावरचं रक्त त्यांना दिसलं नसेल, पण हात थरथरत होता तो कळला असणार.

"घाबरता होय तुम्ही कोंबड्यांना?"

म्हटलं, नाही आई. सावध असतो.

सासूबाईंनी मुकीची उभी पिसं हातानं बसवली. मग म्हणाल्या, "तुमचे सासरेही सावधच असायचे. चाळीस वर्षं. ही मुकी एकटीच बसायची त्यांच्याजवळ, तर दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसायचे." आणि हसल्या. काळ्या चष्म्याखालून पाणी आलं, ते डोळ्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. डॉक्टरांनी रडायला बंदी आहे असं काही लिहून दिलं नव्हतं.

त्या रात्री त्यांच्या ताटात भाकरीचा तुकडाही उरला नाही. आणि हिला म्हणाल्या, उद्या येताना ओळखीच्या कोंबडीवाल्याकडून अकरा चांगली अंडी आण, पिल्लं निघतील अशी, आपल्याकडे कोंबडा नाही. मुकी बसलीच आहे तर बसू दे. आता एकवीस दिवस तिला हलवायचं नाही, आणि पुढे पिल्लं जरा मोठी होईपर्यंत मला कुठे जाता यायचं नाही बाई. ही नळाकडे तोंड करून उभी राहिली आणि घासलेलंच भांडं परत घासायला लागली.

आता मी मनात काय म्हटलं? म्हटलं, सुटलो! महिना भरत आला, वाकायची बंदी उठणार, सासूबाई राहणार, कोंबड्या त्यांच्या त्या बघणार, आपण लांबून कौतुक करायचं. अंडी बुधवारी बसवली, गुरुवारी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी डोळा तपासला, खूश झाले. म्हणाले, हा फार छान झालाय, आता दुसऱ्याचं उरकून टाकू. आणि तारीख दिली.

मी बोटं मोजली. पिल्लं बाहेर येणार त्याच्या आदल्या दिवशी ऑपरेशन. पुढे महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. अकरा पिल्लं आणि वर ती आई. विचारलं, डॉक्टर, जरा पुढे ढकलता नाही का येणार? ते म्हणाले, का, काही अडचण आहे का? सासूबाई त्या नव्या, लख्ख डोळ्यानं माझ्याकडे बघत होत्या.

म्हटलं, छे, अडचण कसली...

येताना हार्डवेअरच्या दुकानात थांबलो. चामड्याचे हातमोजे घेतले, कोपरापर्यंतचे, दोन जोड. दुकानदारानं विचारलं, वेल्डिंगला का? म्हटलं, हो बाबा, वेल्डिंगच समज.