शिगी दोगाचे सात डबे

१९ फेब्रुवारी. ओगिकुबो, तोक्यो. सकाळी कुंडीतल्या पाण्यावर पातळ बर्फ, दुपारी कोरडं ऊन, वारा नाही.

— तिथं नको, उसामी-सान, आधी आमच्या ह्यांच्यापुढे ठेवा. या घरात आलेली वस्तू पहिल्यांदा फोटोपुढे जाते, मग माणसांपुढे. हं. उदबत्त्या डावीकडच्या डबीत आहेत. घंटी एकदाच वाजवा, ह्यांना गोंगाट खपत नसे. झालं? आता या इकडे, या कोतात्सुच्या बुटक्या मेजापाशी बसा, पाय पांघरुणाखाली घाला, आत शेगडी चालू आहे. चहा ओतते. नाही, मदत नको, हात थरथरतो तो वयानं, तुम्हाला घाबरून नव्हे. तर काय सांगत होते — दारात तुम्ही ते पुडकं माझ्या हातात दिलंत ना, तेव्हाच मला कळलं. योकान, लाल बीनच्या घट्ट गोड वड्या. त्याशिवाय एवढ्याशा खोक्याला एवढं वजन नसतं. आणि वर शुभकार्याची लाल-पांढरी दोरी नाही. जड आहे आणि दोरी नाही — म्हणजे माणूस माफी मागायला आलाय. कशाची? नाही, सांगू नका, चहा प्या. मी ओळखते. एक्याऐंशी वर्षांची झाले, डोळे गेले निम्मे, पण हाताला वजन अजून कळतं.

आता तुम्ही हेड ऑफिसातले. शिगी दोगाचा इतिहास तुमच्याकडे छापून ठेवलेला असेल, गुळगुळीत कागदावर, हसऱ्या फोटोंसकट. मला तो खाऊवरून पाठ आहे. हसू नका. कोण काय घेऊन आलं, त्यावरून मला दरवेळी कळत गेलं. सदुसष्ट साली ह्यांनी मोठ्या स्टुडिओतली नोकरी सोडली आणि चार मित्रांना घेऊन या घराच्या माडीवर दुकान मांडलं — शिगी दोगा. दोगा म्हणजे हलती चित्रं, आणि शिगी म्हणजे तो लांब चोचीचा पाणपक्षी. भातखाचरात चिखल उपसत हिंडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ह्यांना असलीच नावं सुचायची. माडीवर काचेखाली दिवा लावलेली पाच मेजं. मी खाली स्वयंपाक करायची आणि भात शिजेपर्यंत वर जाऊन पारदर्शक पानांवर मागच्या बाजूनं रंग भरायची. हातात पांढरे मोजे, दोन बोटं कापलेले. तीनेक वर्षांनी टीव्हीवाल्यांचा माणूस आला. त्यानं काय आणलं? तांदळाच्या चकत्या. मऊ पडलेल्या! मी ह्यांना स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "अहो, हा माणूस दुसऱ्याकडं घेऊन गेला होता, तिथं दार उघडलं नाही म्हणून इथं आलाय." हे म्हणाले, "तोकिए, तू पोलिसात भरती हो." पण तसंच निघालं. दर आठवड्याला अर्धा तास चित्रं हलवून द्यायची, आणि पैसे असे की त्यात रंगही येईना. "तोटा होऊ दे," तो चकत्या खात खात म्हणतो कसा, "पुढं खेळणी विकून निघेल." खेळणी कुणाची? त्यांची. तोटा कुणाचा? आमचा. आता तुम्ही तुमच्या भाषेत त्याला काहीतरी चांगलं नाव दिलं असेल.

घ्या ना, मुळ्याचं लोणचं घ्या. — कसला वास? नाही, तुम्ही बोलला नाहीत, पण नाक हललं तुमचं, मी बघितलं. व्हिनेगरचा. छोटे कांदे मुरत घातलेत, दुसरं काही नाही. म्हाताऱ्या बाईच्या घरात लोणच्याचाच वास यायचा, अत्तराचा कुठून येणार?

हां, तर धंदा वाढला. स्टेशनजवळ तीन मजली इमारत भाड्यानं घेतली, साठ माणसं झाली, पोरं गाडीतून गावभर चित्रांची पाकिटं गोळा करत फिरायची. आणि त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात बँकेचा माणूस घरी आला. ऑफिसात नव्हे, घरी. काय आणलं? योकान! तुमच्यासारखंच, दोरीशिवाय. मी ते हातात घेतलं आणि तिथंच, त्या उंबऱ्यावर, मला समजलं की संपलं. दुसऱ्या दिवशी येऊन प्रत्येक मेजावर जप्तीची चिठ्ठी चिकटवून गेले. मेजावर, कॅमेऱ्यावर, चहाच्या किटलीवरसुद्धा. किटलीचं बुड गळत होतं, तरी चिठ्ठी! "आजवर काढलेलं आणि पुढं काढायचं सगळं" — असं त्यांच्या कागदात होतं. पुढं काढायचं सगळं! माणसाच्या डोक्यातलं चित्रसुद्धा विकलं गेलं, बघा.

मग खेळणीवाल्यांनी ते सगळं उचललं. नाव केलं नवी शिगी. त्यांचा साहेब कास्तेला केक घेऊन आला, नागासाकीचा, खरा, तळाशी साखरेचे दाणे असलेला. मी मनात म्हटलं, चांगला खाऊ आणलाय, म्हणजे ह्यांना ठेवून घेणार, पण काम देणार नाहीत. झालंही तसंच. सल्लागार! बाथरूमशेजारी मेज. वर्षभर एकानंही सल्ला विचारला नाही. एकदा विचारला, तो असा — "सर, या गोष्टीत यंत्रमानव कुठं घालता येईल?" गोष्ट होती ह्यांची जुनी, मीठ वाहणाऱ्या मुलीची! घाट चढून डोंगरापलीकडं मीठ नेणारी मुलगी, हातात काठी, पायात गवताच्या चपला — तिच्यात यंत्रमानव! हे घरी येऊन इतके हसले, इतके हसले की मला भीती वाटली. शहाण्णव साली गेले. फुलांचं चक्र मोठं पाठवलं होतं कंपनीनं, ह्यांच्या नावापेक्षा कंपनीचं नाव दुप्पट मोठं.

त्यानंतर गेमवाले आले, त्यांनी खेळणीवाल्यांकडनं घेतली. पोरगा होता, टाय नाही, क्रीमचा केक आणला आणि पिशवीत बिल तसंच राहिलं होतं. रंग आता संगणकात भरतात, मधली चित्रं परदेशातून येतात, म्हणाला. मोठ्या अभिमानानं सांगत होता. मी म्हटलं, "बरं." आणखी काय म्हणणार? आणि गेमवाल्यांच्या डोक्यावर बसलेले तुम्ही, होल्डिंग की काय ते. तुम्ही तर कुणी आलाच नाहीत. पोस्टानं जाडजूड पुस्तक पाठवलंत — यातून आपल्या पसंतीची भेट निवडा. मी टॉवेल निवडले. चांगले आहेत. पाणी शोषत नाहीत, पण चांगले आहेत.

आणि आज पहिल्यांदा तुम्ही स्वतः आलात. योकान घेऊन. मग मी काय समजायचं? बोला आता. — हं. — एक एप्रिलपासून. — विलीन. म्हणजे गिळणार, सरळ म्हणा ना. आणि नाव? — दाराची पाटी? चित्रपटाच्या शेवटी येतं ते? — सगळीकडून. बरं. म्हणजे तो पक्षीही गेला. आणि हे सांगायला तुम्हाला कंपनीनं पाठवलं? — नाही? तुमचे तुम्ही आलात? रजा टाकून? हे बघा, उसामी-सान, मी म्हातारी आहे, खुळी नाही. एखादं नाव पुसलं म्हणून कुणी स्वतःच्या पैशानं पाच वड्या योकान आणत नाही. लहानपणी टीव्हीवर बघायचात म्हणून? सगळे असंच म्हणतात. मगापासून तुमचे डोळे कुठं जातायत ते दिसतंय मला. फोटोकडं नाहीत, चहाकडं नाहीत. भिंतीतल्या कपाटाकडं. गाद्या आहेत त्यात! हिवाळ्याच्या दोन, पाहुण्यांची एक. गाद्यांच्या मागं काही नाही. डबेबिबे काही नाहीत तिथं.

— काय? कोण म्हणालं डबे? तुम्ही नाही म्हणालात? मी म्हणाले?

... चहा गार झाला तुमचा. द्या इकडे.

असू दे. म्हटलंच आहे तर ऐका, पण खिशात हात घालू नका, त्या फोनमध्ये काही टिपू नका. मिठाची मुलगी. टीव्हीच्याही आधी, या माडीवर, पाच जणांनी तीन वर्षं रात्रंदिवस काढून पुरी केलेली, सत्तर मिनिटांची फिल्म. वितरक पळाला, एका थिएटरातही लागली नाही, मग टीव्हीचं काम आलं आणि ती डब्यात राहिली ती राहिलीच. सात डबे. दुसरी प्रत नाही. बँकेचा माणूस योकान देऊन गेला ना, त्याच दुपारी मी बाजाराची ढकलपिशवी घेऊन स्टेशनजवळ गेले. कोबी आणायला. चार खेपा केल्या. वरती कोबीची पानं होती, हो. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठ्या लावल्या तेव्हा ती फडताळातली जागा रिकामी, आणि हे खिडकीबाहेर बघत उभे. मला एकच म्हणाले, "त्यांच्या हाती देऊ नकोस. ते पहिल्यांदा नाव खोडतील." आणि बघा, खोडलंच. आणि म्हणाले, "हवा लागू देऊ नकोस. धूळ, दमट हवा, काही लागता कामा नये." मी नाही लागू दिली. दरवर्षी पावसाळ्याआधी डब्यांची कडेची पट्टी काढते आणि झाकण न उचलता नवी पट्टी लावते, दोन वेढे. हात थरथरायला लागल्यापासून तीन वेढे. इतक्या कंपन्या आल्या, इतके साहेब त्या गाद्यांकडं पाठ करून बसून गेले, एकालाही पत्ता लागला नाही. आठ वर्षांपूर्वी फिल्म जपून ठेवणाऱ्या सरकारी संस्थेतला एक जण आला होता. रिकाम्या हातानं! दारात उभा राहून म्हणतो, मिनागावा-सानच्या, म्हणजे ह्यांच्या, पहिल्या कामातलं काही घरात असेल तर आम्ही फुकट सांभाळू. फुकट! फुकट कोण काय सांभाळतं? मी म्हटलं, "काही नाही." तोसुद्धा असंच नाक हलवत होता. तुमच्यासारखंच. मी त्याचं कार्ड घेतलं आणि दार लावून घेतलं.

— कांदे? कांद्याचं काय मध्येच? — बरणी बघायचीय? कशाला? ... नाहीत. पाच वर्षं झाली, मी कांदे घालायचं सोडलं. सोलवत नाहीत. मग वास कसला म्हणजे? घराचा. जुन्या लाकडाचा. पावसाळ्यात जास्त येतो, गाद्यांनाही लागलाय, मी उन्हात टाकते त्या. — काय म्हणता? — सावकाश बोला, तुम्ही फार भरभर बोलता. — फिल्म? फिल्मच आंबते? — आतल्या आत. — आणि तो वास बाहेर जायला वाट नसली, तर? ...तर आणखी भराभर. — हवा लागली असती तर... बरं. बरं, कळलं, परत सांगू नका.

खोटं बोलताय. मी ते डबे तुमच्यापुढं काढावेत म्हणून बोलताय. तुमची चाल आहे ही, पहिल्यापासून माफीचं सोंग आणि — नाही, उठू नका. बसा. कपाटाला हात लावायचा नाही, मी काढते. गाद्या धरा तेवढ्या. तिकडं तोंड करा. हा सातवा, सगळ्यात वरचा. पट्टी... नखानं नाही निघत, ती कात्री द्या. ह्यांच्या फोटोखाली आहे. हं.

...

खिडकी उघडा, उसामी-सान. दोन्ही उघडा.

नाही, बोलू नका काही. तुमचा चेहरा असा करू नका, माझ्या घरात तुम्ही रडायचं कारण नाही. त्या संस्थेतल्या माणसाचं कार्ड आरशामागं खोचलंय, ते घ्या. फोन तुम्ही करा, मला नाही बोलता यायचं त्याच्याशी. आणि आता जा. योकान राहू दे तिथंच, ह्यांच्यापुढं. जा म्हटलं ना.

२ एप्रिल. ढगाळ, संध्याकाळी थोडा पाऊस. सात डब्यांपैकी सहांमधली फिल्म चिकटून एक गठ्ठा झाली होती. संस्थेला ती उलगडता आली नाही. सातव्यातली चार मिनिटं दहा सेकंद उतरवून घेतली गेली. त्यात मुलगी घाट उतरते, आणि शेवटी शिगी दोगाचं नाव येतं. १ एप्रिलला कंपनीच्या नोंदणीतून ते नाव काढण्यात आलं.