डॉक्टर कधीच नसतो

...आणि नेमका तेव्हाच फोन! तुम्हाला सांगतो, मंगळवारची सकाळ, स्वयंपाकघरात घोटाभर पाणी, प्लंबर सिंकखाली डोकं घालून आडवा, मी बॅटरी धरून उभा, आणि पुस्तकांच्या दुकानातून फोन, "आला बरं का बारावा भाग." आता बॅटरी धरू की धावू? प्लंबर खालूनच म्हणाला, "जाऊन या काका, पाणी कुठं पळून जात नाही." पळूनच तर जात होतं!

पण गेलो. अहो, शिंपीणबाईंच्या रहस्यकथा त्या! छोटंसं गाव, काही ना काही चोरीला जातं, फौजदार गोंधळतो, आणि बाई माप घेता घेता एकेकाच्या पोटातलं ओठावर आणतात. यंदा चोरीला काय, तर गावच्या घड्याळाचा मिनिटकाटा! बेकरीवाला पाव जाळतोय, शाळा सुटली की नाही यावर मास्तरांत जुंपलीय, आणि फौजदार तासकाट्याखाली पहारा देतोय, न जाणो तोही गेला तर...

आमच्या घरचा नियम असा. मी मोठ्यानं वाचायचं, हिनं इस्त्री करत ऐकायचं. शंभराव्या पानाला पुस्तक मिटायचं, चोराचं नाव चिठ्ठीवर लिहून बटणांच्या डब्यात टाकायचं. हरेल त्यानं समोर उभं राहून म्हणायचं, "तुझं बरोबर होतं." अकरा भाग हिनं एकच लिहिलं, डॉक्टर. अगं, डॉक्टर कधीच नसतो! पण ऐकेल तर शपथ. म्हणे, "दवाखान्यात रोज उशिरा येतो मेला. अशाचा काय भरवसा?" चार वेळा मी जिंकलो, चारही वेळा ते वाक्य हिनं इस्त्रीकडे बघत म्हटलं.

ही गेली त्याला आठ महिने झाले.

पुस्तक घेऊन घरी आलो, म्हटलं, मनात वाचू. पण सवय कुठली जायला! दुसऱ्याच पानाला सिंकखालून आवाज, "काका, जरा मोठ्यानं." चाळिसाव्या पानाला पाइप बसला, शंभराव्यापर्यंत प्लंबर बसला. नियम म्हणजे नियम, त्यालाही सांगितला, इस्त्रीसकट. त्यानं लिहिलं फौजदार, मी बेकरीवाला. मग मी आणखी एक चिठ्ठी फाडली.

"ही कोणाची?"

"हिची," म्हटलं, आणि लिहिलं डॉक्टर. तो पाना पुसत राहिला. मीच आपला म्हणालो, डॉक्टर कधीच नसतो हो...

दुसऱ्या दिवशी गडी हजर, हत्यारांशिवाय! म्हणे, नळ बघून जातो. नळाकडे ढुंकून पाहील तर ना! वाचता वाचता हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी, आणि शेवटी शिंपीणबाई डॉक्टरच्या लांब कोटाला टेप लावतात, तर अस्तरात मानेपासून गुडघ्यापर्यंत मिनिटकाटा! दीडशे पानं तो ताठ चालतोय आणि गाव समजतंय कंबर धरली! का चोरला? तर काटाच नसला म्हणजे वीस मिनिटं उशीर झाला हे सांगणार कोण?

अकरा भाग, तुम्हाला सांगतो, अकरा भाग मी सांगत होतो, डॉक्टर कधीच नसतो!

प्लंबर उठला, इस्त्रीच्या टेबलासमोर सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, तुमचं बरोबर होतं." मग माझ्याकडे बघत राहिला. मी विचारलं, चहा घेणार का?

चहा झाला, तो गेला. नळ अजून गळतोच आहे. आणि ते वाक्य माझं म्हणायचं राहिलंय.