मनगटाचा रुमाल

जर्मनांनी अॅमस्टरडॅम घेतल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा. रविवारी सकाळी ज्यू वस्तीतल्या पावाच्या रांगेत ब्रांका उभी होती. कालव्यावरून धुकं सरकत होतं आणि पुढच्या दोघींचे नुसते आवाज त्यातून तरंगत येत होते.

“क्लारा, काल आले होते ना गं नाझींचे गुंड, दुकानं फोडायला?”

“आले होते. आमचे हे कोपऱ्यावर उभे राहिले, लोखंडी गज घेऊन.”

“शब्बाथला? अगं, त्या पवित्र दिवशी काही वाहून न्यायचं नाही म्हणून शनिवारी रुमालसुद्धा खिशात नेत नाहीत ते, मनगटाला बांधतात. आणि गज उचलला?”

“मला वाटलं, मी झोपेतच आहे. धुक्यात असे निघाले, जणू पाय जमिनीला लागतच नव्हते.”

“आपल्या धर्मगुरूंना, रब्बींना कळलं तर?”

“कळायचं काय, ते समोरूनच आले धुक्यातून.”

“मग, चिडले?”

“ह्यांनी मान खाली घातली. रब्बींनी ह्यांच्या मनगटाचा रुमाल सोडला.”

“आणि?”

“गजाला गुंडाळून दिला. म्हणाले, ‘गज दवानं ओला झालाय, हातातून निसटेल.’”