भजनाला चालणारा हेडफोन

रुद्राप्पा : ह्यो तिसरा. आदी हातात धर, मग बोल.

मृत्युंजय : मामा, बसा तरी. दुकानात गिऱ्हाईक हाय.

रुद्राप्पा : असूदे की. त्यालाबी कळूदे. पावणं, तुमी काय घ्यायला आलाय? हेडफोन? मग जरा थांबा. हितल्या पाटीवर काय लिवलंय वाचलंसा? 'तुम्ही काय ऐकता ते सांगा, हेडफोन आम्ही निवडतो.' मी सांगिटलं, भजन ऐकतो. त्यो परत द्यायला कबनुरातनं कोल्हापूरला तीन खेपा झाल्या. तिन्ही हेडफोनात भजन हाय, पेटी हाय, मृदंग हाय. टाळ तेवढा न्हाय. चोर हाय ह्यो.

सौंदर्या : अप्पा, हळू बोला. रस्त्यावर ऐकू जातंय.

रुद्राप्पा : पोरी, तुला साक्षीला आणलंय, मला गप करायला न्हवं.

मृत्युंजय : गेला की गिऱ्हाईक. झालं समाधान? मागच्या खेपेला जाताना गल्लीत उभं राहून चोर म्हणालासा, आज दुकानात. शिवाजी पेठेत अकरा वर्षं हाय मी. तालमीतल्या पोरांना जोर मारताना निसटणार न्हाय असा देतो. हलगी ऐकणाऱ्याला दणक्याचा, बंद कपाचा. त्या पलीकडच्या बोळात गाण्याच्या बाई हायत, मधुवंतीबाई, त्यांना मागनं उघडा दिला, तंबोरा मोकळा ऐकू येतो म्हणून. आजवर एकानं परत आणला न्हाय. तुम्ही तीनदा आणलासा.

रुद्राप्पा : माल खोटा असल्यावर काय पुजू त्याला?

मृत्युंजय : पहिला चुकला, कबूल करतो. तुम्ही मृदंग मृदंग म्हणालासा, मी दणक्याचा दिला.

रुद्राप्पा : छातीवर रेडा बसल्यागत वाजत होता.

मृत्युंजय : म्हणून दुसरा दिला, गळा पुढं येतो असा. मग तिसरा, मधुवंतीबाईंना दिला तसलाच. मामा, ह्याच्यात टाळ कसा वाजतो माहीत हाय? शेजारी बसून कुणी वाजवावा तसा.

रुद्राप्पा : मग माझ्याच शेजारी का बसत न्हाय त्यो? तुला खेळ वाटतोय का रं? हेडफोन मी हौसंला घेतलेला न्हाय. कबनुरात म्हादेवाच्या देवळात दर सोमवारी भजन असतंय. बत्तीस वर्षं टाळ माझ्या हातात हाय. माझा बाप वारला त्या सोमवारी तेवढा खाडा. गेल्या महिन्यात आमच्या भजनातल्याच त्या बाळासोनं भर भजनात माझ्या हातातनं टाळ काढून घेतला आन् दिला कुणाला? त्याच्या मेव्हण्याला, सम्राटला. म्हणं, रुद्राप्पा, तुझा ताल सुटायलाय. पन्नास माणसं बसलेली, बायका बसलेल्या.

सौंदर्या : दादांना हे सगळं माहीत आहे अप्पा.

रुद्राप्पा : माहीत असून फसवायलाय, तेच तर म्हणतो. ही पोरगी त्या दिवशी देवळात होती. हिनं मोबाईलवर भजन धरून ठेवलंय. त्याच्यात माझा टाळ असणार. त्यो मला ऐकायचाय, आन् येत्या सोमवारी समद्यांच्या म्होरं बाळासोच्या कानाला लावायचाय. ताल कुणाचा सुटलाय ते कळूदे गावाला.

मृत्युंजय : त्यात टाळ हाय, मामा. मी ऐकलाय.

रुद्राप्पा : खोटं बोलतोस. सौंदर्या, लाव कानाला. तू सांग.

सौंदर्या : आहे, अप्पा.

रुद्राप्पा : नीट ऐक.

सौंदर्या : नीटच ऐकतीय. टाळ आहे. चांगला मोठ्यानं आहे.

रुद्राप्पा : हिकडं दे. आवाज वाढव.

मृत्युंजय : पुरा वाढवलाय. ह्याच्या वर जात न्हाय.

रुद्राप्पा : मग काढलास कुठं टाळ? तुमा दोघांना येतोय आन् मलाच न्हाय, असं कुठं असतंय व्हय?

मृत्युंजय : ताई, आता मी सांगणार.

सौंदर्या : नको. तुम्ही शब्द दिलाय मला.

मृत्युंजय : शब्द दिला तेव्हा मला कुणी चोर म्हणत नव्हतं.

रुद्राप्पा : कसला शब्द? काय शिजायलंय तुमा दोघांचं?

मृत्युंजय : (नवा खोका तोंडापुढं आडवा धरून) मामा, तुमची मुलगी कुठल्या शाळेत शिकवती?

रुद्राप्पा : आता ह्यो चौथा काढलास काय?

मृत्युंजय : मी काय विचारलं तुम्हाला?

रुद्राप्पा : कवा?

मृत्युंजय : आत्ता. खोक्याच्या मागनं. मोठ्यानं विचारलं, मुलगी कुठल्या शाळेत शिकवती म्हणून. ताईंनी ऐकलं, विचारा त्यांना. मामा, तुम्ही कानानं ऐकत न्हाय. बोलणाऱ्याचं तोंड बघून ऐकताय.

रुद्राप्पा : तोंड बघून समदेच ऐकत्यात.

मृत्युंजय : न्हाय ऐकत. यंत्रमागावरची माणसं ऐकत्यात. त्या खडखडाटात ओठ बघून, हात बघून बोलायचं, तुमचा जन्म गेला त्यात.

रुद्राप्पा : चाळीस वर्षं. ते शेडमधलं झालं. बाहीर मला ऐकू येतंय. तू बोलायलाईस ते कळायलंय की.

मृत्युंजय : माझं तोंड दिसायलंय म्हणून. बारीक आवाज तुमचे गेलेत. टाळ, घुंगरू, पाखरं. मागांनी नेले ते. जाड आवाज तेवढे राहिलेत, म्हणून मृदंग येतो. तुम्ही दुसरा हेडफोन परत आणलासा ना, तेव्हाच मला संशय आला. साडेतीन हजार रुपयाचा द्या न्हायतर तीस हजाराचा, नसलेला आवाज मी कुठनं घालू?

रुद्राप्पा : सौंदर्या.

सौंदर्या : हं.

रुद्राप्पा : तुला ठावं होतं?

सौंदर्या : होतं.

रुद्राप्पा : कवापासनं?

सौंदर्या : दोन वर्षं झाली. तुम्ही स्वयंपाकघरात बसला होता आणि कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. अव्वा परड्यातनं पळत आली आणि तुम्ही विचारलं, एवढी का पळत आलीस.

रुद्राप्पा : आन् तवापासनं आईसंगं तोंड शिवून बसलीस. बापाचा तमाशा बघत.

सौंदर्या : तोंड शिवलं? कान तपासून घेऊ म्हटलं तर ताट भिरकावलंत. आमटी भिंतीवर. अव्वानं पुसली. आठवतं का? पाठीमागनं हाक मारली आणि तुम्ही वळला नाही, तर चूक कुणाची, आमची. 'ह्या घरात मला कुणी मोजत न्हाय.' रोज हेच. अव्वाचा घसा बसतो संध्याकाळपर्यंत. चहा देताना पण आम्ही समोर येऊन, वाकून विचारतो, साखर किती. दोन वर्षं अख्खं घर तुमच्यासमोर वाकून बोलतंय, आणि तुम्ही म्हणता तोंड शिवलं.

रुद्राप्पा : मग ह्या माणसाला का सांगिटलंस? घरातलं उणं भाईर?

सौंदर्या : मी नाही सांगितलं. त्यांना आपोआप कळलं. बिलावर माझा नंबर होता, तुम्ही दुसरा परत घेऊन आलात तेव्हाच त्यांनी फोन केला. मीच म्हटलं, अप्पांना सांगू नका, एखादा बदलून द्या. हेडफोन वाईट आहे असं वाटलं तर निदान हेडफोनवर चिडतील. स्वतःवर चिडलेले तुम्ही मला बघवले नसते.

रुद्राप्पा : आन् तू. कळत असताना तिसरा माझ्या हातात ठेवलास.

मृत्युंजय : ठेवला. ताई फोनवर रडत होत्या. तिथं चुकलो मी. पण माझा बाप ह्याच गल्लीत रेडिओ दुरुस्त करत होता, त्याला कुणी चोर म्हटलं न्हाय. मला तुम्ही म्हटलंसा. घरी जाऊन जेवण गेलं न्हाय मला.

रुद्राप्पा : जेवण गेलं न्हाय. मला बत्तीस वर्षांच्या जागंवरनं उठवलं, त्याचं काय? बरं. कान नसंल माझा. पर ताल कानात नसतोय, हातात असतोय. डोळं झाकून टाळ वाजवीन मी. टाळ मला ऐकू आला न्हाय म्हंजी चुकलाच, असं कोण म्हणतंय? तुमी दोघांनी ऐकलंय न्हवं? सांगा, बरोबर पडतोय का न्हाय?

मृत्युंजय : ताई सांगतील.

सौंदर्या : मला गाण्यातलं काय कळतंय.

रुद्राप्पा : तोंडं दिसायलीत मला तुमची. आता हलवा की.

मृत्युंजय : सांगून तुम्ही ऐकणार न्हाय. आम्ही खोटे, बाळासो खोटा. हा घ्या, तुमचा पहिला हेडफोन, दणक्याचा. घाला. मृदंग येतोय?

रुद्राप्पा : येतोय. लख्ख येतोय.

मृत्युंजय : ताई, तुम्ही हा उघडा घाला. ह्या वायरीनं दोन्ही एकाच मोबाईलला लागतात. टाळ वाजला की मामांच्या तळहातावर बोट मारायचं. जिथं वाजेल तिथंच. बाप हाय म्हणून सांभाळून घेऊ नका.

सौंदर्या : मला नाही जमायचं हे.

रुद्राप्पा : जमतंय. ह्यो बघ हात. मार.

सौंदर्या : अप्पा, घरी जाऊया.

रुद्राप्पा : मार म्हणतो न्हवं. लाव रं.

मृत्युंजय : लावलं.

रुद्राप्पा : बरोबर हाय. बरोबर. बघ, एकबी हिकडं तिकडं न्हाय. बाळासोला आता असा धरतो… परत मार.

सौंदर्या : मारलं अप्पा.

रुद्राप्पा : उशिरा मारलंस.

सौंदर्या : वाजला तेव्हाच मारलं.

रुद्राप्पा : तुझं ध्यान न्हाय. पैल्यापासनं लाव.

मृत्युंजय : घ्या. पहिल्यापासनं.

रुद्राप्पा : बरोबर. बरोबर. आता ह्यो… उशीर. ह्योबी. तू न्हाय न्हवं करायलीस हे?

सौंदर्या : मी नाही, अप्पा.

रुद्राप्पा : थांब. बोट मारू नको जरा. मृदंगाला काय झालंय? ठेका ढिला पडायलाय. सम यायची तिथं येईना. कुणाची तरी वाट बघितल्यागत थांबतोय आन् मग पडतोय.

मृत्युंजय : तेच मी पण ऐकलं. दर फेऱ्याला थांबतोय.

रुद्राप्पा : असं कुणी मृदंग वाजवतंय व्हय? आता मार गं. वाजंल तिथं मार.

सौंदर्या : हे. हे. हे.

रुद्राप्पा : माझ्या टाळासाठी थांबायलाय त्यो.

मृत्युंजय : मृदंगावर कोण हाय?

सौंदर्या : बाळासो काका.

रुद्राप्पा : बाळासो.

सौंदर्या : वर्षभर असंच वाजवत होते ते. अव्वाला म्हणाले, रुद्राप्पाला कळू देऊ नका, मी मृदंगावर सांभाळून घेतो. त्या सोमवारी गाणाऱ्यांनाच ताल धरता येईना.

रुद्राप्पा : वर्षभर. आन् मी त्याला गावभर शिव्या घालत हिंडलो. तुमा समद्यांना काय वाटलं, मी मोडून पडंन? एकानं तरी तोंडावर सांगायचं हुतं. ह्या रागानं माझं टाळकं फुटायलंय, आन् धरू कुणाला? बाळासोला? तुला? का त्या साठ मागांना?

सौंदर्या : मला धरा. मी आहे इथं.

मृत्युंजय : मामा, कान तपासून घ्या. यंत्र मिळतं. सगळं परत येणार न्हाय, खोटं सांगत न्हाय, पण घरच्या माणसांना ओरडायला लागणार न्हाय.

रुद्राप्पा : बघू. चोर म्हणालो ते मागं घेतो. तुझ्या दारातल्या चहावाल्यानं ऐकलं हुतं, त्यालाबी सांगून जातो. पर कळत असताना तिसरा दिलास, त्यो राग काय जाणार न्हाय माझा.

मृत्युंजय : ऱ्हाऊदे राग. तेवढा बरोबरच हाय.

सौंदर्या : अप्पा, हेडफोन काढा आता. भजन कधीच संपलंय.

रुद्राप्पा : ऱ्हाऊदे जरा.

सौंदर्या : सोमवारी देवळात नाही गेलात तरी चालेल. मी सांगते काकांना काहीतरी.

रुद्राप्पा : काय सांगू नको. जायाचं हाय.

सौंदर्या : टाळ?

रुद्राप्पा : सम्राटकडंच ऱ्हाऊदे. मी म्होरं बसंन. गाणाऱ्यांची तोंडं दिसतील असा.