कर्त्री अज्ञात

कुंदाबाई : ...आनि त्या पाव्हनानी तं बठ्ठं भाषन सोतानंच कयं. पुस्तकं चार, लिखनाऱ्या बाया चार, आनि हाऊ बाबा सांगी ऱ्हायना, मी धाकला व्हतू तव्हय कसा हुशार व्हतू.

चेलना : जाऊ द्या हो कुंदाअक्का. धुळ्याचा हॉल त्यांनीच मिळवून दिला. तुम्ही आलात, मंचावर बसलात, शाल घेतलीत, मला तेवढं पुरे. एरंडोलच्या बाईंची कादंबरी, दीपमालाच्या कविता, भडगावच्या त्या नर्सबाईंच्या आठवणी, आणि मी गोळा केलेली ही गाणी. आमच्या लेखिका मंडळाची अहिराणीतली चार पुस्तकं एका दिवशी. मला अजून खरं वाटत नाही. चहा घ्या, निवतोय.

कुंदाबाई : चहा पिसू ना. पन भडगावथीन मी चहाकर्ता नही उनू. तुले एक गोट इचारनी शे.

चेलना : विचारा की. पण जरा हळू बोला, आत मम्मीजी पडल्यात. थंडीत तो अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांची झोप अगदी चिमणीची झालीय.

कुंदाबाई : काल दुपारे मनी नात डिंपलनी माले तुनं पुस्तक वाची दाखाडं. मनी गायेल गानं उनात, माले हासू बी उनं, रडू बी उनं. मंग आखाजीनं गानं उनं. त्याना खाले लिखेल शे, कर्त्री अज्ञात. मी सांगं, अज्ञात म्हंजे काय वं? ती सांगस, कोनी रचं ते कोनलेच मालूम नही.

चेलना : बरोबर सांगितलं तिनं. ते अक्षय्य तृतीयेचं गाणं मला एरंडोलकडे मिळालं, पद्मालयाच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत. तिथल्या बायकांना मी विचारलं, कुणी रचलं? म्हणाल्या, आमच्या सासवा म्हणायच्या. अशा गाण्यांना एक कुणी कर्ता नसतो अक्का, ती सगळ्यांचीच असतात.

कुंदाबाई : म्हन बरं ते.

चेलना : आता? बरं.
आखाजी उनी वं बाई, बठ्ठासना उनात भाऊ,
मना भाऊ दूर देश, कोनासंगे मी जाऊ.
लिंबले बांधा झोका, झोका जास वर वर,
वरथीन बी दिसे ना वं, मना माहेरनं घर.

कुंदाबाई : आते माले सांग. आखाजीले आमनी सासुरवासीन माहेर जास. भाऊ बैलगाडी लीसन येस, लेक-आंडेर गाडीमा बठस, तिन्ही सांजले माहेरना झोकावर. कोना भाऊ इतला दूर देश ऱ्हास, का झोका कितला बी वर गया तरी घर दिसत नही?

चेलना : हे कवितेत असं असतं हो. दूर देश म्हणजे दूरच असं नाही. तापीच्या पलीकडचं गावसुद्धा असेल.

कुंदाबाई : एरंडोलले मनी धाकली बहीन देयेल शे. ते गानं तिनासंगे तठे गयं. आंडेर जास तठे गानं जास. आनि ती लगीन व्हईसन गयी ती भडगावथीन नही गयी. तव्हय आम्ही आठेच ऱ्हावूत, पाचोराले. तुमना घरना मांगे, लिंबजोडे.

चेलना : म्हणजे गाणं इथलं, पाचोऱ्याचं?

कुंदाबाई : पाचोरानं नही. ह्या घरनं. तुनी सासूनं शे ते गानं. झमकूनं.

चेलना : अक्का, तुमची काहीतरी गल्लत होतेय. मम्मीजी पालीकडच्या, राजस्थानातून लग्न होऊन आलेल्या. अहिराणी येते त्यांना, पण ती दुकानापुरती. ज्वारी कशी दिली, सरकी भिजली का, पोरगं शाळेत जातं का, एवढी. आमच्या सगळ्याच घरांत तेवढी येते.

कुंदाबाई : दुकानपुरती भाषा नही ऱ्हास माय. एक डाव तोंडमा उनी का मंग सपनमा बी येस.

चेलना : पण त्या आखाजीच्या झोक्यावर? आमच्या जैनांत तर त्या दिवशी वर्षीतपाचं, वर्षभराच्या उपासांचं, पारणं असतं. घरी उसाचा रस, पाहुणे, महाराजसाहेबांचं दर्शन. त्या वेळची सून मागच्या दारानं बाहेर पडेलच कशी?

कुंदाबाई : पडे. पाव्हना जेवाले बठनात का पडे. पहिले नुसती दारमा उभी ऱ्हाये, नाकलोंग पदर लीसन. आम्ही बठ्ठ्या आंडेरी झोकावर, आनि ती देखत. एक डाव मी हात धरीसन तिले झोकावर बसाडं. उभी राहीसन तिले झोका दिधा. वर गयी, खाले उनी, वर गयी, आनि रडत रडत तिनी ते गानं म्हनं. मंग आम्ही तिनामांगे म्हनं. तठेच तयार व्हयनं ते.

चेलना : मग?

कुंदाबाई : मंग काय. दोन आखाज्या तशा गयात. तिसरी आखाजीले तुना आजेसासरानी वरना खिडकीमाथीन देखं. वहू झोकावर, डोकावर पदर नही. भला मानूस व्हता, आवाज कधी वर नही कया त्यानी. दुसरे दिन मांगला दारले कुलूप.

चेलना : ते मागचं दार... मी आले तेव्हापासून बंदच आहे. त्याच्यासमोर आम्ही धान्याच्या कोठ्या लावल्यात. मी समजत होते, चोरांच्या भीतीनं बंद केलं असेल.

कुंदाबाई : चोर कसाना. झमकू बाहेर जाई म्हनीसन.

चेलना : अक्का, मी दोन उन्हाळे तुमच्या ओट्यावर येऊन बसत होते. तुम्ही मला एका शब्दानं नाही सांगितलंत.

कुंदाबाई : तू मनाजोडे जातावरनं गानं मांगं, हळदनं मांगं, बाळंतपननं मांगं. आखाजीनं मांगंच नही. माले वाटनं, ते तं तिना घरमाच शे, तिनी सासूनीच सांगं व्हई. घरमा तूप शे तं कोनी बाजारमा मांगस का?

चेलना : मी मागितलं नाही, कारण ते मला आधीच एरंडोलला मिळालं होतं. आनंदानं नाचत आले होते घरी. याच टेबलावर बसून साफ लिहीत होते. मम्मीजी तिथं खाली बसून मेथी निवडत होत्या आणि गुणगुणत होत्या. मी काय म्हटलं माहीत आहे? मम्मीजी, जरा गप्प राहा ना, माझं अहिराणीचं काम चाललंय.

कुंदाबाई : मंग?

चेलना : मग काय, त्या मेथी घेऊन आत गेल्या. मला तर वाटलं, कुठलं तरी स्तवन म्हणतायत. चाल मी लिहून घेतली होती आणि कानावर पडत होती तीच चाल मला ओळखू आली नाही. आणि अक्का, मी कोण? मंडळात पहिल्या दिवशी मलाच विचारलं होतं त्यांनी, तुम्ही मारवाडी, तुम्हाला कशी येते हो आमची भाषा? जळगावला आमच्या शेजारणीच्या मांडीवर शिकले, असं सांगितलं, तरी हसल्या. घरी येऊन रडले होते मी. प्रस्तावनेत लिहिलंयसुद्धा, ठसक्यात, की भाषा जातीची नसते. आणि घरात सासूला एकदाही विचारलं नाही, मम्मीजी, तुम्हाला येतं का एखादं गाणं?

(आतून काठी टेकत झमकूबाई येतात. सुनेला त्या बिनणी म्हणतात.)

झमकूबाई : कुंदा ना वं तू? आवाजवरथीनच वळखं. अजून बी हळू बोलाले नही शिकनी.

कुंदाबाई : आनि तू अजून बी मांगे उभी राहीसन ऐकस. बठ, माले तुनं तोंड देखू दे. कितली वाळनी वं.

झमकूबाई : बिनणी, हिला चहा साखरेचा दिलास की गुळाचा? ही साखरेचा पीत नाही.

चेलना : मम्मीजी, ते आखाजीचं गाणं तुमचं आहे?

झमकूबाई : सांगी दिधं का वं कुंदा?

कुंदाबाई : सांगसू नही तं काय करसू? पुस्तकमा तुले अज्ञात करी टाकं.

झमकूबाई : माझं कसलं गं बिनणी. झोक्यावर बसलं की कुणीही काहीतरी म्हणतं. पोरी होतो आम्ही.

कुंदाबाई : खोटं नको बोलू. तू म्हनं, आम्ही मांगे म्हनं.

झमकूबाई : बरं, मी म्हटलं. पुढं ते त्यांनीच म्हटलं ना? दार बंद झालं, पण भिंत काही जाड नव्हती. दर आखाजीला पलीकडे बायका गायच्या, इकडे मी पापड लाटायची. एकदा तुझे आजेसासरे गादीवर बसल्या बसल्या मान डोलवीत म्हणाले, बिनणी, बघ तर, काय गोड गातात ही माणसं. त्यांना फार आवडायचं ते गाणं.

चेलना : आणि तुम्ही काय म्हणालात?

झमकूबाई : सासऱ्यांसमोर आम्ही बोलत होतो थोडंच? मान हलवली आणि पापड उलटला.

चेलना : पुस्तक घरी आलं तेव्हा मी तुम्हाला सगळं वाचून दाखवलं होतं. हे गाणंही वाचलं, खालचं 'कर्त्री अज्ञात'ही वाचलं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात.

झमकूबाई : ऐकलं ना. म्हटलं, बरं झालं. घराचं नाव कशाला निघायला हवं.

चेलना : खरंच बरं वाटलं तुम्हाला?

झमकूबाई : नाही.

चेलना : मम्मीजी, मी चुकले. फार चुकले. दुसऱ्या आवृत्तीत तुमचं नाव घालीन.

कुंदाबाई : अहिराणी पुस्तकनी दुसरी आवृत्ती? मी मसनमा जासू तव्हय निघी ती.

चेलना : ते खरंय तुमचं. आमची पुस्तकं एकमेकींनाच देऊन संपतात. मग आवृत्तीची वाट नको. गठ्ठे सगळे माडीवरच आहेत. मी आजपासून बसते, एकेका प्रतीत त्या ओळीवर पट्टी डकवते. रचना : झमकूबाई फुलचंद...

झमकूबाई : फुलचंद नको.

चेलना : बाबूजींचं नाव नको?

झमकूबाई : माणूस चांगला होता तुझा सासरा, त्याचं दुकानावर नाव आहेच. इथं नुसतं झमकू लिही. झोक्यावर मी नुसती झमकू होते.

कुंदाबाई : लिख माय, तसंच लिख. तुना नवरा जिनेश काही म्हनना तं मनाकडे धाड त्याले.

चेलना : तो काही म्हणणार नाही. म्हणालाच तर मी बघून घेईन. झमकू. एवढंच लिहिते. मम्मीजी, दमलात का? पडायचंय का?

झमकूबाई : नाही. बिनणी, ते गाणं एवढंच नाही.

कुंदाबाई : इतलंच शे झमकू. चार ओळी. आम्ही इतलंच म्हनतस.

झमकूबाई : तुम्हाला एवढंच माहीत. पुढचं नंतर झालं, दार बंद झाल्यावर. एका आखाजीला माझा भाऊ आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आला, पालीहून, रेल्वेनं, डोक्यावर पगडी. मला आणायला. मी वरून पाहिलं आणि पळत खाली आले. तर तो म्हणाला, माँ गेली, बारावा होऊन गेला, आता चल.

कुंदाबाई : हाई तं तू माले बी नही सांगं.

झमकूबाई : तुला सांगायला दार कुठं होतं? मी गेले नाही त्याच्याबरोबर. म्हटलं, आता कुणासाठी येऊ? तो गेला आणि पलीकडे तुम्ही गायला लागलात. तेव्हा माझं पुढचं झालं. दोन ओळी. बाहेर कधी काढल्या नाहीत, मनातच म्हणायची.

चेलना : म्हणा ना मम्मीजी. मी लिहून घेते. कागद राहू दे, मी ऐकते आधी. म्हणा.

झमकूबाई : उना मना भाऊ वं बाई... उना मना भाऊ...

कुंदाबाई : हां. पुढे?

झमकूबाई : उना मना भाऊ, आते... आते... नाही येत गं.

कुंदाबाई : थांब, मी पहिलं म्हनस, त्यानावरथीन याद येई. 'वरथीन बी दिसे ना वं, मना माहेरनं घर...' आते तू म्हन.

झमकूबाई : उना मना भाऊ... चाल येते कुंदा. चाल सगळी आहे. शब्द जिभेवर येतात आणि फिरतात माघारी. तो झटका आला तेव्हापासून असंच होतं. परवा आयुषीचा फोन आला पुण्याहून, तर माझ्याच नातीचं नाव सापडेना मला.

चेलना : घाई नाही, सावकाश. आज नाही तर उद्या आठवेल.

झमकूबाई : मी तर रोज पडते गं उशाला हात घेऊन, आठवत. नाही आठवत.

चेलना : मम्मीजी, थंडीच्या आधी येत होत्या त्या ओळी?

झमकूबाई : रोज येत होत्या. मेथी निवडताना, पोळ्या करताना.

चेलना : मग मला का नाही हो म्हणून दाखवल्यात? मी होते ना इथं. याच टेबलावर तर होते, सबंध वर्ष.

झमकूबाई : होतीस की. लिहीत होतीस. म्हटलं, बिनणीचं लिहून होऊ दे, मग सांगू.