काडतुसांचा तुटवडा आणि सुचेताताई

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, 'एक बॉक्स हवाय, की तोही नको?' एक बॉक्स! अहो, एक बॉक्स म्हणजे पंचवीस काडतुसं, शनिवारी सकाळी मी चहाच्या आधी उडवायचो तेवढी! आणि भाव? भाव विचारू नका. मी विचारला तर तो ग्रॅहम मिशीवर हात फिरवत म्हणतो, 'मेट, तू बसून घे आधी.' म्हटलं, का रे बाबा, झालं तरी काय? तर म्हणे युरोपातली बंदुकीची दारू सगळी तोफांकडे चाललीये, पर्यावरणवाले शिसं नको म्हणून वेगळे ओरडतायत, कारखान्यातून माल येतो तोच महागडा, आणि येतो तेव्हा येतो.

थांबा, तुमचे चेहरे दिसले मला. 'बंदूक? अजय? एजवेअरचा? आपला बँकेतला अजय?' हो, मीच. लायसन आहे, भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट आहे, पोलीस येऊन ते हलवून बघून गेलाय. आणि नाही, मी ससे मारत नाही. हरणं मारत नाही. कबुतरंसुद्धा मारत नाही! मशीनमधून एक मातीची बशी हवेत उडते, आपण ती फोडायची. संपलं. मातीच्या बश्या हो, मातीच्या! इथल्या लंडनच्या मराठी मंडळातल्या सुप्रभाकाकू अजून माझ्या हातचा प्रसाद घेताना बिचकतात. म्हटलं काकू, बशीला जीव नसतो. तर म्हणतात, 'पण तुला तर आहे ना, तू का असा झालास?'

मी असा झालो सुचेताताईंमुळे. ताई म्हणजे वॉटफर्डच्या डॉक्टर, भूल देणाऱ्या, आता रिटायर्ड. कॉलेजात असताना नागपूरला एनसीसीत रायफल चालवलेली बाई! इथे आल्यावर हॉस्पिटलातल्या कुणीतरी एकदा बश्या फोडायला नेलं, आणि तिथल्या सगळ्या ट्वीडच्या कोटवाल्या गोऱ्यांना बाईंनी साडीवर जाकीट घालून हरवलं. तुम्हाला सांगतो, माझी नोकरी गेली ना तेव्हा मी घरात नुसता भिंतीकडे बघत बसायचो. देवयानी, माझी बायको, ऑफिसला जायची, मी भिंतीकडे. ती परत यायची, मी भिंतीकडेच. लोक यायचे, 'होईल सगळं ठीक', 'मेडिटेशन कर', 'लिंक्डइन अपडेट कर'... ताई आल्या आणि म्हणाल्या, 'ऊठ. बूट घाल.' एवढंच. शेतात नेऊन उभा केला, खांद्याला बंदूक लावली, म्हणाल्या, 'पुल म्हणून ओरड, की मशीन बशी सोडतं.' मी म्हटलं, पुल. म्हणाल्या, 'आजारी आहेस का? ओरड!' मी असा ओरडलो की महिनाभराचं सगळं बाहेर आलं. बशी फुटली नाही ती नाहीच. पण मी त्या दिवशी घरी येऊन दोन वेळा भात मागून घेतला. देवयानी रडली हो भात वाढताना.

तेव्हापासून दर शनिवारी ताई आणि मी. पुढे नोकरीही लागली, पण शनिवार सुटला नाही. आणि मग हा तुटवडा! आधी एक बशी चुकली की दुसरा बार, तोही चुकला तर हसायचं. आता? आता बंदूक खांद्याला लावली की हात आखडतो. एकेक काडतूस बोटांत धरून मी त्याच्याकडे बघतो, बाबा, वाया जाऊ नकोस. गंमत सांगू? त्यामुळे मी जरा बघायला लागलो. बशी कुठून उठते, कुठे क्षणभर थबकल्यासारखी होते, वारा काय करतोय... इतकी वर्षं मी आवाजच करत होतो की काय, असं वाटलं. असो. मातीच्या बश्या हो शेवटी, त्यात कसलं तत्त्वज्ञान!

पण ताई यायच्या बंद झाल्या.

फोन केला तर म्हणतात, 'अरे काडतुसं कुठे मिळतायत? मिळाली की येते.' पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. 'काय मेली ही महागाई, अजय!' मी म्हटलं माझ्यातली घ्या, तर म्हणाल्या, 'तुझं तुलाच पुरेना.' मला काही चैन पडेना. ज्या बाईनं मला भिंतीपासून उठवलं, तिनं काडतुसांवाचून घरी बसायचं?

मग मी लागलो शोधायला. मंडळाच्या हॉलमध्ये होतो, आरती व्हायची होती, आणि ग्रॅहमचा मित्र म्हणून केंब्रिजच्या पलीकडच्या एका दुकानदाराचा फोन आला. नेटवर्क नाही, मग मी ओरडून, 'हॅलो! हां!' आणि फोन ठेवल्यावर देवयानीला लांबूनच मराठीत ओरडून सांगितलं, 'दारू आलीये! ताईंसाठी एक बॉक्स ठेवलाय त्यानं! बाई कधीची घरात तळमळतेय गं!'

सगळा हॉल माझ्याकडे बघतोय.

सुप्रभाकाकूंच्या हातातलं निरांजन तसंच. मी म्हटलं, अहो दारू म्हणजे बंदुकीची, काडतुसं, मातीच्या बश्या हो! कोण ऐकतंय! संध्याकाळपर्यंत वॉटफर्डपासून हॅरोपर्यंत सगळ्यांना कळलं की डॉक्टरीणबाई पितात, आणि तो अजय पुरवतो.

मी गाडी काढली, केंब्रिजच्या पलीकडे गेलो, लायसन दाखवलं, बॉक्स घेतला, आणि तसाच ताईंच्या दारात. ताईंनी दार उघडलं. 'कोण?' म्हणाल्या. मी समोर उभा, हातभर अंतरावर, आणि त्या म्हणतात, 'कोण?' म्हटलं, ताई, मी अजय. 'ये ये, अरे उजेड मागून आहे ना.' आत गेलो. त्यांनी चहा केला. कप ठेवला, आणि कपाच्या काठावर बोट ठेवून ओतला, तरी थोडा बशीबाहेर गेला. म्हटलं, बॉक्स आणलाय, कोरड्यात ठेवतो. आणि जिन्याखालचं कपाट उघडलं.

खालपासून वरपर्यंत काडतुसं! ग्रॅहमच्या दुकानात नसतील एवढे बॉक्स! जुन्या भावातले!

मी वळलो. ताई खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर.

'बंदूक विकली मी,' म्हणाल्या. 'लायसनही परत केलं. नजरेच्या मधोमध डाग आलाय, अजय. कडेनं दिसतं. समोर बघेन ते दिसत नाही.'

'मग मला काडतुसं काडतुसं काय सांगत होता?'

'काडतुसं मिळत नाहीत म्हटलं की लोक सरकारला शिव्या देतात. दिसत नाही म्हटलं की माझी कीव करतात.'

मला राग आला हो. खरंच आला. म्हटलं, ताई, माझ्याशीसुद्धा? मी मंडळात तुमची पार बदनामी करून बसलोय, लोक म्हणतायत तुम्ही पिता!

ताई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, 'पिते म्हणू देत रे! दिसत नाही कळलं असतं तर डबे सुरू झाले असते. सुप्रभाच्या हातची आमटी खाण्यापेक्षा ही बदनामी परवडली.'

आणि मग चाचपत आपला कप शोधला. मला बोलायचं होतं, होईल सगळं ठीक, हल्ली इंजेक्शनं असतात... सगळं तोंडाशी आलं आणि मी गिळलं. कारण ते सगळं मला भिंतीसमोर ऐकवून झालेलं होतं. शेवटी एवढंच म्हटलं, 'ताई, उठा. बूट घाला.'

'मी तिथे काय करू?'

'बसा.'

आल्या. दर शनिवारी येतात आता. घडीची खुर्ची, थर्मास, गुडघ्यांवर शाल. पहिल्या दिवशी बार झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तो बंदुकीच्या दारूचा वास असा आत ओढला, की मला दुसरीकडे बघावं लागलं. कपाटातले सगळे बॉक्स मला देऊन टाकलेत. म्हटलं, चला, अजय, तुझी चिंता मिटली.

कसली मिटते! मी बार काढला रे काढला, की मागून, 'मागे मारलंस! बशीच्या मागे! बंदूक पुढे ने, पुढे!' बशी गेलेली असते डावीकडून, बाई तोंड करून बसलेल्या असतात उजवीकडे, पण 'मागे मारलंस!' आणि तुम्हाला सांगतो, चुकणारे दहातले नऊ जण मागेच मारतात, त्यामुळे बाई बरोबरच ठरतात. आता ते ट्वीडवालेही येतात हो, टोपी काढून विचारतात, 'डॉक्टर, माझं काय चुकलं?' 'बिहाइंड!' 'थँक यू, डॉक्टर!'

दारू मिळत नाही, शिसं मिळत नाही, दुकानदार एकाच्या वर बॉक्स देत नाही... सूचनांचा तेवढा कुठे तुटवडा नाही बघा, आणि त्या अजून फुकट आहेत!